तुम्ही विचारलेत म्हणून : माझ्या ‘तारिणी’वर दोघीच का?

‘सहा जणी होत्या ना? मग तुमच्या तारिणीवर दोघीच कशा?’ हा प्रश्न नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेचे माझे रिमोटवर चालणारे मॉडेल पाण्यात सोडण्याआधीच येतो, आणि ऑक्टोबर 2024 पासून त्याला परस्पर दिलेले उत्तरही जोडलेले असते, की ही दिलना आणि रूपा या दोन नौदल अधिकाऱ्यांनी केलेली तारिणीची दुसरी पृथ्वीपरिक्रमा असणार. तसे नाही. ही 2017-18 चीच तारिणी आहे, वर्तिका जोशी यांच्या सहा जणींच्या तुकडीने पहिली परिक्रमा केली तेव्हाची, आणि उरलेल्या चौघी खाली झोपल्या आहेत.

भर समुद्रात पाळ्या असतात. सहाही जणी डेकवर ओळीने दिसतात त्या बंदरात शिरताना. हे ठाऊक असूनही मी सहाही आकृत्या बसवल्या होत्या, कारण त्यांतली एकही गाळणे मला उद्धटपणाचे वाटे, आणि थोडेसे अजूनही वाटते.

सहा आकृत्यांचे वजन मॉडेलला जड होते, हा आक्षेप मला मान्य नाही. 1:24 प्रमाणात लांबी चोवीसपट घटते, पण वजन 24 × 24 × 24, म्हणजे 13,824 पट. म्हणजे साठ किलोची व्यक्ती साडेचार ग्रॅमही भरत नाही, आणि बाल्सा लाकडातून कोरली तर त्याहून कितीतरी कमी. ओतीव धातूच्या आकृत्या मात्र मीही बसवणार नाही, कारण त्याच वाऱ्यात लहान मॉडेल मूळ नौकेपेक्षा अधिक कलते आणि उंचावरचा प्रत्येक ग्रॅम ते कलणे वाढवतो.

आडवा आला तो दोर. तलावावर वाऱ्याचा झोत आला, तेव्हा मी मुख्य शीड सैल सोडण्यासाठी रिमोटची काडी ढकलली. आतल्या विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या-सोडणाऱ्या मोटरने, दोर सोडलाही, पण तो डेकवर उभ्या असलेल्या एका आकृतीच्या कोपरात अडकून तिथेच गोळा झाला, आणि शीड ताणलेलेच राहिले. नौका आडवी झाली, डोलकाठीचे टोक पाण्याला लागले, आणि किलच्या, म्हणजे तळाखालच्या पात्याच्या, शिशाने तिला उठवेपर्यंत तीन आकृत्या उपटल्या गेल्या होत्या. काठावरून कोणीतरी ‘अहो, बाया बुडाल्या!’ असे ओरडले आणि सगळे हसले. दोन आकृत्या तरंगत काठाला आल्या. तिसरी सापडली नाही, तिच्या जागी मी नवी कोरली. ते हसणे मला लागले, कारण ज्यांनी दक्षिण महासागर ओलांडला त्यांची थट्टा माझ्या खेळामुळे झाली होती.

‘मग एकही नको,’ असे सुचवणाऱ्यांना माझे उत्तर ठरलेले आहे : माणूस दिसल्याशिवाय सतरा मीटरच्या नौकेचा आकार डोळ्यांना कळत नाही, आणि सुकाणूपाशी कोणी नसेल तर ती दावे तुटून वाहत चालल्यासारखी दिसते. म्हणून दोघी, दोघीही बसलेल्या, कोपरे अंगाशी. त्या डेकला काटकोनात ताठ आहेत, हा दोष मला दिसतो. खरी माणसे कललेल्या नौकेत वाऱ्याच्या बाजूला झुकतात. पण तशा झुकवल्या, तर नौकेने बाजू बदलताच त्या चुकीच्या दिशेला झुकलेल्या दिसतील.

चौघींपैकी एकीला तरी जिन्यातून अर्धी वर आलेली दाखवावी, असे आता मनात आहे. पण त्यासाठी झाकण उघडे ठेवावे लागेल, आणि रिसीव्हर व बॅटरी त्याच झाकणाखाली आहेत.