चहाचे विरजण

आखाजीला आमच्या घरी चहाचे पातेले सकाळी गॅसवर चढते ते रात्रीच उतरते. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात आणि सासरी गेलेल्या लेकी या सणाला माहेरी येतात, एवढे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवते. आमच्याकडे त्या दिवसांत दोन्ही नणंदा, त्यांची मुले, पितरांची घागर भरल्यानंतर जेवायला येणारे भाऊबंद, आणि झोक्यावरच्या पोरींना हाक मारायला म्हणून येऊन तासभर टेकणाऱ्या शेजारच्या काकू असा राबता असतो. आणि "चहा पीसन जा" असे म्हटल्यावाचून कोणाला दारातून परत जाऊ देण्याची आमच्याकडे रीत नाही. सण येतो वैशाखात. रावेर-यावलच्या पट्ट्यात तेव्हा दुपारी पारा ४३-४४ अंशांवर असतो. एका शेगडीवर पुरण, दुसरीवर सांजोऱ्यांची कढई, आणि पाच जणांचा चहा गाळून पातेले विसळेपर्यंत ओट्यावर आणखी तिघे येऊन बसलेले, अशा वेळी चहा करणाऱ्या बाईचे काय होते ते चहा पिणाऱ्याला कळत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या आखाजीला मी ठरवले की चहाचा अर्क आधीच करून ठेवायचा, आणि पाहुणे आले की दूध तापवून त्यात तो घालायचा. कल्पना साधी होती. हाताला वळण लागायला मात्र बराच चहा वाया गेला.

पहिल्या खेपेला मी नेहमीच्याच चहाचे माप वाढवले: दोन लिटर पाणी, आले, वेलची, लवंग, दालचिनी, भरपूर पत्ती, सगळे एकदम घालून ते निम्मे होईपर्यंत आटवले. रंग काळाभोर आला आणि चव अशी की घोट घेतल्यावर जीभ टाळूला चिकटावी. चूक कोठे झाली हे पुढे विचार केल्यावर लक्षात आले. मसाल्याला वेळ हवा असतो आणि पत्तीला तो नको असतो. आपण घरोघरी जी दाणेदार पत्ती वापरतो, ती पाने चिरडून, फाडून आणि गोळ्यांसारखी वळवून केलेली असते. ही पद्धत १९३०च्या सुमारास आसामात निघाली, आणि थोड्या पत्तीत झटपट रंग व कडकपणा उतरावा, हाच तिचा मोठा गुण ठरला. अशी पत्ती तीन-चार मिनिटांत आपल्याजवळचे चांगले देऊन मोकळी होते. त्यानंतरच्या उकळीत तिच्यातून मुख्यतः कडूपणा आणि तुरटपणाच उतरत राहतो. एरवी दोन कपांच्या चहात हे जाणवत नाही, कारण दुधातील प्रथिने तुरट द्रव्याला धरून ठेवतात. अर्कात दूध नसते, आणि तो आटवलेलाही असतो. त्यामुळे सगळा तुरटपणा एकवटतो.

याच्या उलट आले, सुंठ, दालचिनी, लवंग यांना दहा-पंधरा मिनिटे मंद आचेवर द्यावीच लागतात. मिरीचा तिखटपणा ज्या द्रव्याचा असतो, ते तर पाण्यात फारच कमी विरघळते. आपल्या रोजच्या चहात दुधाचा स्निग्धांश त्याला हात देतो. म्हणून नुसत्या पाण्यात अर्क करताना मी मसाला नेहमीपेक्षा पाव हिस्सा अधिक घेते. वेलचीचे मात्र वेगळे आहे. तिचा सुगंध वाफेबरोबर उडून जाणारा आहे, आणि वेलची वीस मिनिटे उकळली तर वासाने सगळे घर भरते आणि पातेल्यात काही उरत नाही. घरभर घमघमाट सुटला की चहा छान होणार असे आपण म्हणतो; खरे तर तेवढा चहा कमी झालेला असतो.

एवढे कळल्यावर अर्काचे काम तीन टप्प्यांत वाटले गेले: आधी मसाल्याचा काढा, मग आच बंद करून त्यात पत्ती, आणि शेवटी सुगंधाच्या वस्तू.

आता माप सांगते. आमच्याकडचे कप लहान, साधारण १२० मिलिलिटरचे. तसे वीस कप चहा होईल एवढ्या अर्कासाठी मी १६०० मिलिलिटर पाणी घेते. त्यातले काही आटते, काही पत्ती पिऊन टाकते, आणि हाती १२०० मिलिलिटरच्या आसपास अर्क येतो. पाण्यात दोन मोठे चमचे ठेचलेले आले, एक चमचा सुंठ, बोटाच्या दोन पेरांएवढे दालचिनीचे दोन तुकडे, सहा लवंगा आणि दहा-बारा मिरे घालते. लवंगेच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. दोन लवंगा जास्त पडल्या तर चहाला दंतमंजनाचा वास येतो, आणि तो दुधाने जात नाही. मसाला खलबत्त्यात नुसता भरड कुटावा. पूड केली तर ती गाळणीतून उतरते, बाटलीच्या तळाशी बसते, आणि शेवटच्या चार कपांना आधीच्या सोळांचा तिखटपणा येतो.

पाण्याला उकळी आली की झाकण ठेवून आच मंद करावी आणि पंधरा मिनिटे थांबावे. मग गॅस बंद करून ५० ग्रॅम पत्ती घालावी, एकदा ढवळावे, आणि घड्याळ लावून चार मिनिटे मोजावी. घड्याळ लावून, असे मी मुद्दाम म्हणते. चहाच्या बाबतीत आपला अंदाजावर फार विश्वास असतो, आणि सणाच्या दिवशी चार मिनिटांची दहा कधी होतात ते कळत नाही. चौथ्या मिनिटाला बारा-पंधरा ठेचलेल्या वेलच्या सालींसकट घालाव्यात, अंगणातल्या गवती चहाची तीन-चार पाती कात्रीने कापून टाकावीत, आणखी एक मिनिट झाकण ठेवावे आणि लगेच गाळावे. गाळताना चोथा चमच्याने दाबण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण दाबल्याने जे निघते तोच आपण टाळलेला तुरटपणा असतो.

आले की सुंठ, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. ओले आले वाळताना त्यातील तिखट द्रव्याचे रूप बदलते आणि जे नवे द्रव्य तयार होते, ते अधिक झोंबणारे असते. त्याला शोगाओल म्हणतात, आणि हे नाव जपानी भाषेतील आल्याच्या शब्दावरून आलेले आहे. म्हणजे आल्याने ताजेपणा येतो आणि सुंठेने घशात उतरणारी ऊब. माझ्या मते अर्काला दोन्ही हवीत. सासूबाईंच्या मते उन्हाळ्यात सुंठ घालणे म्हणजे पाहुण्यांशी वैर, त्या मला सांगतात, "तुझा चहा प्यायला की डोक्यापर्यंत ऊन चढते." त्यामुळे आखाजीला सुंठ अर्धाच चमचा घालते, आणि दिवाळीनंतर पूर्ण.

आल्याचा एक उपद्रव अर्कामुळे आपोआप मिटला. कच्चे आले किसून थेट तापत्या दुधात टाकले की दूध फाटते, आणि दोष बिचाऱ्या गवळ्याला जातो. आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर (एन्झाइम) असते, म्हणजे दुधाला विरजण लावल्यासारखे काम ते करते. चीनच्या दक्षिण भागात तर आल्याच्या रसाने दूध मुद्दाम घट्ट करून खातात. चांगली उकळी मिळाली की हे विकर निकामी होते. अर्कातले आले पंधरा मिनिटे उकळलेले असल्यामुळे दूध फाटण्याची ही एक भीती उरत नाही.

गुळाची भीती मात्र उरते. आमच्याकडे काही जण गुळाचाच चहा घेतात, म्हणून एकदा मी सगळ्या अर्कात गूळ विरघळवून ठेवला. गुळाचा आंबटपणा आणि त्यातील क्षार दुधाला सोसवतीलच असे नाही, त्यातून दूध उकळते असेल तर मुळीच नाही. त्या दुपारी पाच जणांसमोर पातेल्यात चोथा आणि पाणी वेगळे झाले. तेव्हापासून गूळ ज्याच्या त्याच्या कपात, चहा ओतून झाल्यावर. साखर गरम अर्कात घालायला हरकत नाही. वीस कपांना १५० ग्रॅम साखर आमच्या जिभेला पुरते, आणि ती खानदेशी जीभ आहे हे लक्षात घ्यावे. साखरेचा त्रास असलेली माणसे आता प्रत्येक घरात आहेत, म्हणून मी एक बाटली बिनसाखरेची ठेवते. साखर घातली म्हणजे अर्क टिकाऊ झाला, असे कोणी समजू नये. सरबताचा घट्ट पाक साखरेमुळे टिकतो, कारण त्यात पाण्यापेक्षा साखर कितीतरी जास्त असते. इतक्या कमी साखरेने काहीच राखले जात नाही.

पाण्याविषयी सांगितले पाहिजे. आमच्या बोअरचे पाणी जड आहे, आणि अशा पाण्यातल्या कोऱ्या चहावर एक तवंग येतो, जो कपाच्या कडेला तपकिरी रेघ सोडतो. पाण्यातला चुना आणि चहातील द्रव्ये यांच्या संयोगाने तो होतो. भांडे अस्वच्छ असल्याची शंका घेऊन मी पातेले तीनदा घासले होते, ते व्यर्थ होते. आता अर्कासाठी पाणी आदल्या रात्री उकळून निवत ठेवते आणि सकाळी वरचे तेवढे अलगद ओतून घेते. रंग तेवढ्यानेही उजळतो.

आणि मिक्सरच्या भांड्याविषयी. पहिल्या वर्षी घाईत मी सुंठ ज्या भांड्यात फिरवली, त्यात आदल्या दिवशी शेवभाजीचा काळा मसाला वाटलेला होता. भांडे धुतलेले होते, पण लसूण, सुके खोबरे आणि लाल मिरची यांचा वास झाकणाच्या रबरात मुरतो. नणंदेने एक घोट घेतला, कपाकडे पाहिले आणि विचारले, "वहिनी, याच्याबरोबर कळण्याची भाकर देणार आहात का?" कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचे पीठ; त्याची भाकर तिखट भाजीबरोबरच शोभते. हे वाक्य आमच्या घरी आता दर आखाजीला निघते. सुंठ मी तेव्हापासून खलबत्त्यातच कुटते.

अर्क गाळल्यानंतर तो लवकर थंड करणे महत्त्वाचे. वैशाखात नळाला येणारे पाणीच कोमट असते, त्यामुळे परातीत माठाचे पाणी आणि बर्फाचे दोन ट्रे ओतून त्यात मी पातेले ठेवते आणि अधूनमधून ढवळते. थंड झाले की उकळत्या पाण्याने धुऊन वाळवलेल्या काचेच्या बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी बाटली पाहून पहिल्यांदा माझा जीव दचकला होता, कारण रात्री निवळशंख असलेला अर्क सकाळी गढूळ, चिखलाच्या पाण्यासारखा झाला होता. तो बिघडलेला नसतो. चहातील कॅफीन आणि रंगद्रव्ये थंडाव्यात एकमेकांना धरतात आणि तो गढूळपणा येतो. तापवले की तो पुन्हा निवळतो, आणि आसामचा कडक चहा जितका चांगला तितका तो अधिक दिसतो.

पाहुणे आले की अर्धे दूध, अर्धा अर्क. म्हशीचे दूध दाट असेल तर त्यात थोडे पाणी घालावे. दूध आधी उकळून घ्यावे, मग आच कमी करून अर्क ओतावा, कडेला बुडबुडे दिसले की उतरवावे. पुन्हा खळखळून उकळू नये, नाहीतर जी वेलची शेवटी घालून वाचवली ती येथे उडून जाते. पाच कपांना चार-पाच मिनिटे लागतात. गाळणी लागत नाही, चोथा निघत नाही, आणि पहिला कप व विसावा कप एकाच चवीचे होतात. हे शेवटचे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण पूर्वी सकाळी आलेल्यांना फक्कड चहा मिळे आणि संध्याकाळी आलेल्यांना माझा थकवा.

भाचा हाच अर्क थंड दुधात बर्फ घालून पितो. सासूबाई त्याला चहा मानत नाहीत. बाटलीला "विरजण" हे नाव मात्र त्यांचेच: चमचाभर घातले की दुधाचे दुसरेच काही होते, म्हणून. स्वतःचा पहाटेचा कप त्या अजूनही ताजी पत्ती टाकून, पातेल्याजवळ उभ्या राहून करतात, आणि त्यात मी पडत नाही.

बाटलीवर तारीख लिहावी. मी चार-पाच दिवसांपलीकडे ठेवत नाही. त्याहून जास्त करायचा असेल तर बर्फाच्या साच्यांत गोठवते आणि एका कपाला तीन वड्या घेते. आंबूस वास आला, झाकण उघडताना फस्स आवाज झाला किंवा वर बुडबुडे दिसले, तर चव घेऊन पाहण्याच्या भानगडीत न पडता ओतून द्यावे. गेल्या वर्षी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी रात्रभर वीज नव्हती, आणि सकाळी उघडलेल्या बाटलीने तसाच आवाज केला. सव्वा लिटर अर्क मी अंगणातल्या मोरीत ओतला. त्या मोरीला दुपारपर्यंत वेलचीचा वास येत होता, आणि आत सासूबाईंनी न बोलता मोठे पातेले गॅसवर चढवले होते.