आमटी पातळच हवी

आमटीत डाळ शोधणारा माणूस सोलापूरचा नाही, हे ओळखायला त्याचं आधार कार्ड बघावं लागत नाही. पाहुणा पळी तळापर्यंत घालतो, गोल फिरवतो, वर काढून निरखतो. या घरात महिनाअखेर आली असावी, अशी सभ्य शंका त्याच्या चेहऱ्यावर दिसते. आई आतून सांगते, "तळाचं नका ढवळू हो, वरवरची घ्या. चव वर असती."

पातळ आमटी म्हणजे चिक्कूपणा, हा समज भात खाणाऱ्यांचा. आमच्या ताटात भाकरी असते, आणि पुष्कळदा कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी पातळ, वाळवून ठेवली तर कितीतरी दिवस टिकणारी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ती ज्वारी कशाशी खायची, ते कुठल्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं नसतं. ही भाकरी ताटात चुरायची, मधे आळं करायचं आणि उकळती आमटी ओतायची. घट्ट डाळ ओतली तर चुरा वरून लिंपला जातो आणि आत कोरडाठाक राहतो. पातळ आमटी झिरपत खालपर्यंत जाते, भाकरी तिला पिऊन फुगते, आणि चार घासांत सगळं दाट होतं. आमची आमटी पातेल्यात नाही, ताटात घट्ट होते.

याच गावात वेगळा न्यायही चालतो. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत पप्पू असतो, अंबाडी नाहीतर पालक घालून घोटलेला, भातावर ओतला तरी जागचा न हलणारा. कन्नड घरांतलं सारू आमच्या आमटीहूनही पातळ. एकाच बाजारातली तूर, दोन गल्ल्या ओलांडल्या की तिचं रूप बदलतं. तूरही लांबून यायला नको. शंभरेक किलोमीटरवरचा कलबुर्गी म्हणजे तुरीचं कोठारच.

प्रमाण म्हणाल तर एक वाटी डाळीला शिजल्यावर पाच-सहा वाट्या पाणी. मात्र शिजवताना पाणी कुठलं, ते बघावं लागतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे मधले दिवस बोअरवर. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, त्यात तूर कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाणा सोडत नाही. म्हणून डाळीपुरता नळाच्या, म्हणजे उजनी धरणाच्या पाण्याचा एक हंडा आई राखून ठेवते. त्या हंड्याला हात लावायचा तर कारण सांगावं लागतं. चिंचेचंही तसंच. आंबट आधी पडलं की डाळ हटून बसते, तेव्हा कोळ घालायचा तो ती पार मऊ झाल्यावर, रवीनं घोटून झाल्यावर.

खरी आमटी फोडणीत होते. शेंगतेल नेहमीपेक्षा सढळ. मोहरी, जिरं, कढीपत्ता, आणि सालीसकट ठेचलेला लसूण, कडा तांबूस होईपर्यंत. मग गॅस बारीक करून काळा मसाला. इथे घाई नको आणि रेंगाळणंही नको. मसाला तेलात पडला की आधी फेसाळतो, मग त्याचा रंग गडद होतो आणि कडेनं तेल सुटायला लागतं. त्याच क्षणी पळीभर गरम पाणी मारायचं. क्षणभर उशीर झाला तर मसाला कडू, आणि शेजारच्या घरापर्यंत ठसका. त्यानंतर घोटलेली डाळ, शेंगदाण्याचं कूट, मीठ, उरलेलं गरम पाणी. गार पाणी ओतलं तर उकळी मोडते आणि तवंग नीट येत नाही. तवंग नसलेल्या आमटीला आमच्याकडे कुणी नावं ठेवत नाही, फक्त दुसऱ्यांदा वाढून घेत नाही.

हा मसाला उन्हाळ्याचा. पारा चाळिशीच्या वर गेला की मिरच्या गच्चीवर पडतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला दुसरी. धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नाकेशर वेगवेगळं भाजायचं आणि डबा घेऊन डंकावर रांग लावायची. मिक्सरमध्येही होतो म्हणतात. होतो, पण त्याला मसाला म्हणायचं की पूड, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

बार्शीकडे गेलात तर तिथे याच्याही पुढची पायरी आहे, येसर. भाजलेली धान्यं, हरभऱ्याची डाळ, धणे आणि मसाला एकत्र दळून ठेवलेलं पीठ. ते पाण्यात कालवून फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. गावजेवणात पंगत वाढली की पाणी वाढवायचं, वर थोडं येसर. आचाऱ्याचा जीव वर-खाली होत नाही.

राहिला गूळ. आई घालत नाही. "आमटी आहे, पुरणपोळी नाही," म्हणते. मी मात्र ती देवघरात असताना नखाएवढा टाकतो. तिला पहिल्याच घोटाला कळतं. बोलत काही नाही, फक्त शेंगाचटणीची बरणी पुढं ओढते आणि ताटात चांगली दोन चमचे घेते.