मुळकुजीच्या संकटातून उभा राहिलेला आमचा व्यवसाय

बंदिस्त खोलीत, दिव्यांच्या उजेडावर आणि मातीविना लेट्यूस व बेसिल पिकवण्याचा आमचा व्यवसाय आज स्थिर आहे. आम्ही सुरुवात केली तेव्हा एक खोली, सोडियमचे जुने दिवे आणि एनएफटीच्या, म्हणजे मुळांखालून खतपाण्याचा पातळ प्रवाह फिरवणाऱ्या, काही नळ्या एवढेच भांडवल होते. ते दिवे उजेडापेक्षा उष्णताच अधिक देत आणि एसीचे सारे बळ ती बाहेर काढण्यात खर्ची पडे. एलईडी दिवे आल्यावर दररोज 16 तास, दर चौरस मीटरला दर सेकंदाला 250 मायक्रोमोल एवढा उजेड देणे आम्हाला परवडू लागले आणि लेट्यूसचे गड्डे खऱ्या अर्थाने भरू लागले.

त्या काळातील खरी शिस्त आमच्या पहिल्या भागीदारांची होती. सकाळी खोलीत आल्यावर ते प्रथम पीएच मीटर 7 आणि 4 च्या बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांत, तपासून घेत आणि मगच खतपाण्याच्या टाकीला हात लावत. मीटरचे काचेचे टोक ते पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणातच ठेवत. शुद्ध पाण्यात ठेवलेले टोक लवकर निकामी होते, हे त्यांनी प्रत्येक नव्या कामगाराला स्वतः शिकवले. ज्यांना या धंद्यात उतरायचे आहे त्यांनी दिव्यांवर थोडा कमी खर्च करावा, पण मीटर चांगला घ्यावा, कारण चुकीचा आकडा दाखवणारा मीटर नसलेल्या मीटरपेक्षा घातक असतो.

पुढची काही वर्षे सुरळीत गेली. मागणी वाढली आणि आमच्या पेरणीच्या ट्रेंना जागा पुरेना, तेव्हा आम्ही एका रोपवाटिकेकडून तयार रोपे घेऊ लागलो, आणि तेथूनच आमच्यावरचे संकट सुरू झाले. दिवे लागून चार-पाच तास झाले की विकत घेतलेल्या रोपांच्या रांगा माना टाकू लागल्या, आणि दिवे मालवले की पुन्हा ताठ होऊ लागल्या. ईसी (पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे माप) 1.4, पीएच 5.8, पाण्याचे तापमान 21 अंश. नोंदवहीत बोट ठेवावे असे काहीच नव्हते. मग एक रोप उपटून पाहिले. पांढरीशुभ्र असायला हवी ती मुळे तपकिरी झाली होती, आणि मूळ चिमटीत धरून ओढले की वरची साल निसटून हातात येई व आत दोऱ्यासारखी शीर तेवढी उरे. ज्याने हे एकदा पाहिले आहे त्याला मुळकूज करणारे पिथियम वेगळे ओळखावे लागत नाही. पाणी थंड ठेवले की मुळकूज होत नाही, असे सर्रास सांगितले जाते. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो आणि रोगाचा वेग मंदावतो, हे खरेच. पण रोग रोपाबरोबरच आत आला तर थंड पाणी त्याला अडवू शकत नाही. या बुरशीसदृश जीवाचे बीजाणू पाण्यात पोहतात, आणि सर्व रांगांचे परतीचे पाणी एकाच टाकीत येत असल्यामुळे आम्ही स्वतः पेरलेली रोपेही वाचली नाहीत.

रोपवाटिकेच्या मालकांनी दोष आमच्या पाण्यावर ढकलला. आम्ही न लावलेला, सीलबंद ट्रे प्रयोगशाळेत पाठवला आणि त्यातील मुळांतही पिथियम आढळले. तो अहवाल त्यांना दिल्यावर त्यांनी उत्तर देण्याचे टाळले. उलट स्वतःच वाढखोली उभारली आणि आमचा माल रोगट असून खाण्यास धोक्याचा आहे, असे आमच्याच ग्राहकांना सांगत फिरले. मुळकूज करणाऱ्या या जाती रोपाला मारतात, पाने खाणाऱ्याला नव्हे, हे रोपांचा व्यापार करणाऱ्याला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. निम्मे ग्राहक गेले.

राहिले त्यांत एका हॉटेलच्या स्वयंपाकघराचे प्रमुख होते. ते स्वतः खोलीत आले, मुळे दाखवा म्हणाले, अहवाल वाचला आणि म्हणाले, “गड्डे भरेपर्यंत कोवळी पानेच द्या, पण माल थांबवू नका.” कोवळ्या पानांचे पीक वेगळ्या ट्रेमध्ये, थोड्या दिवसांत निघते, त्याच पैशावर पगार झाले.

आम्ही सगळे पीक काढून टाकले. नळ्यांतील बुळबुळीत थर आधी ब्रशने घासून काढला आणि मगच हायड्रोजन पेरॉक्साइड फिरवले. न घासता औषध फिरवणाऱ्यांच्या खोलीत रोग हमखास परततो. प्रत्येक रांगेला स्वतंत्र टाकी दिली आणि परतीच्या पाण्यावर अतिनील दिवा बसवला. हा दिवा चिलेटेड लोहाचाही, म्हणजे पाण्यात विरघळलेले राहावे म्हणून सेंद्रिय रेणूशी बांधलेल्या लोहाचाही, नाश करतो. त्यामुळे नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा दिसू लागला, तर लगेच लोहाची मात्रा तपासावी. आणखी एक गोष्ट येथेच सांगतो: आतल्या पानांच्या कडा करपल्या की अनेक जण टाकीत कॅल्शियम ओततात, त्याऐवजी गड्ड्यावर पंखा लावावा, कारण कोंदट हवेत कोवळ्या पानातून बाष्पोत्सर्जन होत नाही आणि टाकीतले कॅल्शियम तेथवर पोहोचतच नाही.

आता आम्ही बाहेरचे एकही रोप घेत नाही. गेलेल्यांपैकी बरेच ग्राहक परत आले, काही आले नाहीत. प्रयोगशाळेचा तो अहवाल आमच्या कार्यालयात आहे, आणि त्या वेळी ज्यांच्या मनात किंतु आला त्यांच्यापैकी कोणीही येऊन तो वाचू शकतो.