गोचीड मोजायचा रविवार

आज सकाळी सकाळी गोठ्यात बॅटरी घेऊन गोचीड मोजत बसलो होतो, खरंच सांगतोय, हसू नका. आमच्या जर्सी क्रॉस (संकरित) गायीला मागच्या आठवड्यात थायलेरियाचा, म्हणजे गोचिडांतून होणारा ताप आला, मानेखालच्या गाठी लिंबाएवढ्या, इंजेक्शनं झाली तेव्हा कुठे परवापासून वैरणीला तोंड लावतेय. आणि तिच्याच शेजारी त्याच दाव्याला आमची गावठी कपिला मजेत रवंथ करतेय! क्रॉसच्या एका कानातच अकरा टम्म फुगलेले, कपिलेच्या दोन्ही कानांत मिळून दोन.

डॉक्टर म्हणाले, हे नशीब नाही, रक्तातच असतं आणि वासरांत उतरतं. ऑस्ट्रेलियात म्हणे जनावराच्या एका बाजूचे गोचीड मोजून कमी गोचीडवाल्यांचीच पैदास ठेवत गेले, आणि त्यासाठी ब्रह्मन जात वापरली, म्हणजे मुळात आपल्याच भारतातल्या गायींचं रक्त. आपण मात्र उलट, दुधाच्या लिटरकडे बघत विदेशी वळूंचं सिमेन (वीर्य) भरत सुटलो. मीपण त्यातलाच, कपिला दोन लिटरच्या वर जात नाही आणि रतीब तर क्रॉसवरच चालतो, मग करणार काय.

अर्थात गावठी म्हणजे काहीच होत नाही असंही नाही, लंपीच्या साथीत आमच्या वाडीतली गावठी गुरंसुद्धा फोडांनी भरली होती.

तरी आईला सांगितलं, यावेळी कपिलेला तिच्यासारखा गावठीच वळू दाखवायचा. आई म्हणाली, "आधी हात धू, मग चहाला ये."