माळ अजून घातलेली नाही

आषाढीच्या पहाटे पावणेपाचला आम्ही चरईतून निघालो. हिच्या भजनी मंडळातल्या अकरा बायका, आम्ही चार पुरुष, टाळ, एक मृदंग आणि आळीपाळीने डोक्यावर घ्यायचं तुळशीवृंदावन. जायचं होतं शहाडच्या बिर्ला मंदिरात. ठाणे-कल्याणकडच्या ज्यांना पंढरपूर गाठणं जमत नाही, ते त्या दिवशी तिथल्या विठोबाचं दर्शन घेतात. आमच्या घरापासून अंतर वीस किलोमीटरच्या वरच भरतं.

माझे सासरे माळकरी. लग्न ठरवताना त्यांनी हुंडा-मानपानाचा विषयही काढला नाही, एवढंच विचारलं, "एकादशी करता ना?" मी "हो" म्हणालो. ही मला फार आवडली होती, आणि त्या एका शब्दावर सगळं जुळणार होतं. त्याला आता 22 वर्षं झाली. वर्षाला 24 एकादश्या. त्यातल्या आषाढी-कार्तिकी मी खरोखर धरल्या. बाकीच्या दिवशी घरी साबुदाण्याची खिचडी खायची आणि दुपारी वागळे इस्टेटमधल्या ऑफिसखाली वडापाव.

माजिवडा सोडलं की बायपास लागतो. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर अंगावर चिखल उडवत जातात. साकेतच्या पुलावर आम्ही एकामागे एक चालत होतो. अभंग कोणता चाललाय ते मागच्याला कळत नव्हतं, नुसता टाळांचा ठेका यायचा. ही माझ्या पुढे होती, डोक्यावर वृंदावन, एक हात वर. तिचा तो हात बघता बघता मला वाटलं, आज हे आपल्याकडे ठेवून त्या देवापुढे उभं राहता येणार नाही.

राजनोलीला उड्डाणपुलाखाली पाऊस ओसरायची वाट बघत सगळे थांबलो, तेव्हा तिला बाजूला घेऊन सांगितलं. एकादशीचं आणि त्याच्या मागचंही: विठ्ठल आहे का, हेच मला ठाऊक नाही, संध्याकाळी हरिपाठाला तुझ्याशेजारी बसतो तो तुझ्यासाठी.

ती म्हणाली, "वडापावचं माहीत आहे मला. हाताला लसणाच्या चटणीचा वास येतो तुमच्या."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही आणखी एक खोटं बोलला असता."

मग पदर डोक्यावर घेऊन ती बायकांत गेली. हरिपाठाच्या गोष्टीवर काहीच बोलली नाही. तिला लागलं असणार ते तिथेच. वडापाव किरकोळ होता. पण माणूस शेजारी बसून टाळी वाजवतोय आणि मनाने तिथे नाही, हे 22 वर्षांनी कळणं किरकोळ नाही.

कोनगावात मुलाचा फोन आला, कुठे पोचलात म्हणून. "हे काय, दुर्गाडीला आलोच," मी म्हणालो. ठाण्यात कोप्रीला असलेला माणूसही फोनवर माजिवड्याला पोचलेला असतो. इतकी सवय, की आपण खोटं बोललो हेही जाणवत नाही. हिने मागे वळून पाहिलं. मी म्हटलं, "नाही रे, अजून कोनगावातच आहोत. अर्धा-पाऊण तास लागेल." ती थांबली, पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून म्हणाली, "आजचा उपवास आहे ना?"

"आज आहे."

लाडू हातावर ठेवला.

शहाडला बारीत दोन तास गेले. दर्शन झाल्यावर आवारात सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले. वारीची रीतच ती, लहान-मोठं बघत नाहीत. ही पाडव्याला मला ओवाळून पाया पडते, मी कधी तिच्या पडलो नव्हतो. त्या दिवशी वाकलो. तिची पावलं पाण्याने पांढरी पडली होती आणि डाव्या करंगळीला फोड आला होता. "माउली," ती म्हणाली, आणि ती माझ्यापुढे वाकली.

माळ सासऱ्यांनी कधीच देऊन ठेवली आहे, ती कपाटात डबीत आहे. घालताना मांस-मद्य सोडायचं, एकादशी धरायची, खरं बोलायचं असा शब्द द्यावा लागतो. मांस-मद्य मला आजही सोडता येईल. अडतं ते शेवटच्या अटीवर.

आता पंधरवड्यावर कामिका एकादशी आहे. काल तिने विचारलं, भगरीचा डबा देऊ का ऑफिसला? मी म्हटलं, त्या दिवशी सकाळी विचार, खरं काय ते सांगतो.