धुऱ्यावरचा रतनपुरुष

आज सकाळी नागभीडजवळच्या एका धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर गवतात दडलेले एक गुलाबी-जांभळे फूल दिसले, आणि एकच पाकळी एवढी मोठी असल्यामुळे मी ते शेंगवर्गीय समजून चाललो होतो. भिंगाखाली धरल्यावर मात्र चूक कळली. खालची पाकळी चमच्यासारखी पसरट, तळाशी अरुंद देठ असलेली, उरलेल्या चार इतक्या इवल्याशा की पटकन नजरेतही येऊ नयेत. आत शेंगवर्गीयांसारखे दहा नव्हे, पाचच पुंकेसर, अंडाशयाला वेढून उभे. बाजूच्या पिकलेल्या फळाच्या तीन फाका झाल्या होत्या, शेंगेच्या दोनच होतात. हा रतनपुरुष, व्हायोलेट कुळातला.

हिमालयातल्या बनफशा या व्हायोलेटशी त्याचे नाते आहे, हे मला फार मोलाचे वाटते. त्या व्हायोला प्रजातीच्या फुलात खालच्या पाकळीला मागे शुंडिका, म्हणजे शेपटीसारखी पोकळ नळी, असते. इथे तळाशी केवळ किंचित फुगीरपणा आढळतो. बनफशाची पाने हृदयाकृती आणि जमिनीलगत, याची अरुंद व खोडावर एकाआड एक.

शेतमालकीण काकूंनी निंदणाच्या वेळी ती जागा सोडायचे कबूल केले आहे.