अठरा मिलिमीटर

बिल्डरांसाठी मॉडेलं करणं हा माझा धंदा. लेझर कटर कापतो, पोरं चिकटवतात, झाडं कायम इमारतीपेक्षा टवटवीत. पुण्यात कसब्यातल्या एका वाड्याच्या मॉडेलसाठी फोन आला, तेव्हा सवयीने विचारलं, ॲक्रिलिक की एमडीएफ? आजी म्हणाल्या, "घरात पोतंभर खोकी आहेत, त्यातच बसव." वाडा पाडायचा ठरला होता.

पोत्यात औषधांची खोकी, लग्नपत्रिका, टीव्हीचं मोठं खोकं. लॅमिनेशनवाल्या पत्रिका बाद, त्यावर फेव्हिकॉल धरत नाही. औषधाच्या खोक्याचा डुप्लेक्स पुठ्ठा मात्र सोनं: एक बाजू पांढरी, मागची करडी, चिरल्यावर कड स्वच्छ. पुठ्ठ्याला तंतूंची दिशा असते. तिच्या बाजूने घडी सुरेख पडते, आडवी घातली की फुटते. प्रमाण १:५०, म्हणजे साठ सेंटिमीटरची भिंत बारा मिलिमीटर. आत टीव्हीच्या खोक्याच्या उभ्या पट्ट्या, दोन्हीकडून डुप्लेक्स. खोकं सोलून पन्हळी पत्रा करणाऱ्यांचा मला राग येतो. खऱ्या पत्र्याची पन्हळ या प्रमाणात दीड मिलिमीटर भरते, खोक्याची त्याच्या कितीतरी पट. वाड्याऐवजी गोदाम दिसतं.

खाली देवडी, चौक, ओसरी बसली. माजघराकडची बाजू काही केल्या मिटेना. बाहेरून घेतलेलं माप आणि आतल्या खोल्या-भिंतींची बेरीज यांत अठरा मिलिमीटरचा फरक. जागेवर नव्वद सेंटिमीटर! टेप घेऊन पुन्हा गेलो, फरक तोच. बिल्डरच्या नकाशात त्या जागी सरळ जाड भिंत दाखवली होती. संगणकावर रेघ सरकवली की बेरीज जुळते; पुठ्ठा तसा सरकत नाही.

आजींना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिथं जिना होता. पानशेतच्या पुरानंतर धाकटे दीर वर राहायला गेले. मग भांडणं. मामंजींनी दोन्हीकडून विटा लावल्या."

भिंतीतले जिने जुन्या वाड्यांत असतातच, मला नवल त्याचं नव्हतं. १९६१ च्या त्या पुरापासून एकाही सर्व्हेअरने बाहेरची आणि आतली मापं शेजारी ठेवून बघितली नव्हती, याचं होतं.

जिना मी केला. एकाच खोक्याची पट्टी, पावणेपाच मिलिमीटरची चढण, एकाआड एक घडी. हे काम हातांना फार आवडतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे पुतणे आले. "साहेब, हे नका दाखवू. क्षेत्रफळाचा करार झालाय, आता ही जागा कोणाची म्हणून नवीन वाद." म्हणणं खोटं नव्हतं. आजी ठाम: "होता तसा कर. पैसे मी देतेय."

शेवटी माजघराची ती भिंत मी चिकटवली नाही, नुसती खाचेत बसवली. काढली की जिना दिसतो, घातली की पुतण्यांचा करार शाबूत. आजींना हे पटलेलं नाही. "खाच कशाला? लबाडी आहे ही," म्हणाल्या, आणि उरलेले पैसे अडवून ठेवलेत. पुतणे रोज फोन करतात, ती भिंत पक्की करा म्हणून. वाडा पुढच्या महिन्यात पडेल. मॉडेल अजून माझ्याच टेबलावर आहे. कोणाच्या ताब्यात द्यावं, हे खरंच कळत नाहीये.